मिरवणुकीची वाट आणि बेलफास्टचा एक ढोल: दंगलीनंतरच्या गावाने परदेशाकडून शिकायचे कसे

दंगलीनंतरचे पहिले सहा महिने पंचनामे, जामीन, नुकसानभरपाईचे अर्ज आणि बंद दुकाने यांतच सरतात. मग गणपती नाहीतर मोहरम जवळ येतो, पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागते, चहा होतो, ‘आपल्या गावात पुन्हा असं होणार नाही’ असे म्हणून सगळे उठतात. मिरवणूक कुठून जाणार, त्या चौकात किती वाजता पोचणार, अडली तर पुढे कोण होणार, हे तसेच लोंबकळत राहते. नेमक्या या कामासाठी अशाच प्रसंगातून गेलेल्या परदेशातल्या वस्त्यांशी देवाणघेवाण उपयोगी पडते. ती कशी जुळवायची, किती माणसे आणि किती वेळ लागतो, कोणते कागद लागतात आणि कुठे फसते, ते पुढे दिले आहे.

डोळ्यापुढे सातारा-सांगली पट्ट्यातले पाच ते पंधरा हजार वस्तीचे गाव ठेवले आहे. मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या स्वागतकमानीवरच्या चित्रावरून पेटले आणि लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेले. खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसा झाली, एकाचा जीव गेला, जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवावे लागले. चौदा वर्षांत ठिणगी कमानीवरून मोबाइलवर आली. म्हणून शिकायचेही दोन गोष्टींबद्दल आहे: रस्त्यावरची मिरवणूक आणि हातातला फोन.

आधी प्रश्न, मग देश

बहुतेक दौरे इथेच वाया जातात. कुणाची तरी ओळख निघते, निमंत्रण येते, माणसे जातात, आणि काय विचारायचे ते विमानात ठरते. उलट करा. गावाचा प्रश्न एका कागदावर, एका वाक्यात लिहा. त्यात जागा, वेळ आणि माणसे आलीच पाहिजेत. ‘दोन समाजांत सलोखा कसा वाढवावा?’ याला उत्तर म्हणून भाषणच मिळते. ‘विसर्जन मिरवणूक मशिदीच्या चौकात ऐन मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, वेळी तास-दीड तास अडते; ती तिथून वेळेत पुढे कशी न्यावी आणि तेवढ्या वेळात काय वाजवायचे हे कोणी ठरवावे?’ याला काम मिळते. ‘रात्री अकराला कुणी भडकाऊ स्टेटस ठेवला तर पहिल्या अर्ध्या तासात कोणी कोणाला फोन करायचा?’ हाही चांगला प्रश्न. ‘दंगलीनंतर आठवडी बाजारातून उठून गेलेले बांगडीवाले, फळवाले त्याच जागेवर परत कसे बसतील?’ हा आणखी एक. तिन्ही एकदम घेऊ नका. पहिल्या वर्षी एकच.

प्रश्न ठरवायला चार वेगळ्या बैठका लागतात: तालमी-मंडळांची पोरे, मुस्लिम जमातीतली माणसे, दोन्हीकडच्या बायका, आणि बाजारपेठ व दलित वस्ती. आरंभीच सगळ्यांना एकत्र बसवले तर पुढारी बोलतात आणि बाकीचे मान हलवतात. बायकांची बैठक दुपारी दोन ते चार, अंगणवाडीत किंवा शाळेत ठेवा, देवळात किंवा मशिदीत नको. प्रत्येक बैठकीत एकच विचारा: मागच्या वेळी भांडण नेमके कुठे आणि किती वाजता पेटले? उत्तरे गावाच्या नकाशावर वेगवेगळ्या रंगाने टाका. चारही रंग जिथे एकत्र येतात तिथे तुमचा प्रश्न आहे.

‘कोणी केले?’ हे मात्र विचारायचे नाही आणि टिपणात एकही नाव लिहायचे नाही. खटले चालू असतात, टिपण उद्या कोर्टात मागितले जाऊ शकते, आणि ज्याने विश्वासाने सांगितले तो साक्षीदार होऊन बसतो. दंगल, खून, घर जाळणे हे गुन्हे आपसात मिटवण्याजोगे नाहीत. त्यामुळे ‘परदेशी लोकांसमोर समेट झाला, आता केस मागे घ्या’ असे सुचवणेसुद्धा पीडित घरावर अन्याय आहे. हे पहिल्याच बैठकीत स्वच्छ सांगा.

आपल्या पदरात काय आहे ते मांडा

देवाणघेवाण म्हणजे दोन हात. आपण फक्त घ्यायला आलो असे दिसले की समोरचा शिकवणी सुरू करतो. सांगली-सातारा रिकाम्या हाताने जाणारा प्रदेश नाही. कडेगावच्या मोहरमात गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात आणि त्यांत हिंदू मानकरीही असतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात पहिल्या गलेफाचा (कबरीवर घालायच्या चादरीचा) मान चर्मकार समाजाकडे आहे. १९४२ नंतर याच भागात प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावातले तंटे सोडवत होती, आणि १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम गृहखाते सांभाळणाऱ्या तासगाव तालुक्यातल्या आर. आर. पाटलांनी उभी केली.

ही यादी अभिमानाने वाचून दाखवली तर पाहुणे टाळ्या वाजवतील आणि विसरतील. प्रत्येक परंपरेचे यंत्र उलगडून लिहा. ताबुताच्या भेटीचा क्रम कोण ठरवतो? दोऱ्या कोण धरतो? वेळ चुकली, वायर आडवी आली, दोन मानकऱ्यांत वाद झाला, तर शेवटचा शब्द कोणाचा? हे कडेगावात जाऊन मानकऱ्यांना विचारा, दोन दिवस लागतील. तंटामुक्तीबद्दल बोलताना खोटही सांगा: मिटलेल्या तंट्यांची संख्या हेच यश मानले की दुबळ्या बाजूवर सहीचा दबाव येतो, विशेषतः नवरा-बायकोच्या तंट्यात. आपली चूक आपण आधी सांगितली की समोरचाही आपली सांगतो, आणि खरे शिक्षण तिथून सुरू होते.

परदेशाआधी भिवंडीही पाहून या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तिकिटाचा खर्च नगण्य आणि दुभाषाही लागत नाही.

कोणत्या प्रश्नाला कोणता देश

मिरवणुकीचा प्रश्न असेल तर बेलफास्ट, म्हणजे ब्रिटनमधला उत्तर आयर्लंड. दुसरीकडे शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे दर १२ जुलैला ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेच्या मिरवणुका १६९० च्या बॉइनच्या लढाईची आठवण म्हणून निघतात, बँड असतो, झेंडे असतात आणि काही वाटा कॅथलिक वस्तीजवळून जातात. इतिहास, वाद्ये आणि वाट हे तिन्ही आपल्याला ओळखीचे आहे. १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे हा शांतता करार झाला तरी मिरवणुकीचे वाद संपले नाहीत. मिरवणुकांच्या वादांवर निर्णय देणाऱ्या पॅरेड्स कमिशनला त्याच वर्षीच्या कायद्याने अधिकार मिळाले. आयोजकाने किमान २८ दिवस आधी पोलिसांकडे ठरलेला फॉर्म द्यायचा: वाट, वेळ, अंदाजे माणसे, बँडांची नावे, सांभाळणारी माणसे किती. विरोधात निदर्शने करायची असतील तर त्यांचीही सूचना १४ दिवस आधी. कमिशन मिरवणूक बंद करत नाही, अटी घालते, आणि मिरवणुकीची माहिती व अटी जाहीर करते. गावात कुजबूज होण्याआधी सगळ्यांना तेच कागद दिसतात. आपल्याकडे परवाना असतो, पण तो मंडळ आणि पोलीस ठाणे यांच्यातच राहतो. शेजारच्या गल्लीला वाट कळते ती ढोल ऐकू आल्यावर.

या अटींतली एक जवळून पाहण्याजोगी आहे. २०१२ च्या १२ जुलैला बेलफास्टच्या डोनेगॉल स्ट्रीटवरच्या सेंट पॅट्रिक चर्चसमोर एक बँड गोल फिरत चिथावणीची धून वाजवत राहिला. कुणीतरी चित्रफीत काढली, ती पसरली, आणि पुढची कित्येक वर्षे ते चर्च हाच वादाचा दगड झाला. नंतरच्या अटींत त्या दारासमोर धून बंद आणि फक्त एका ढोलाचा ठेका, पावले जुळण्यापुरता, असा तोडगा आला. मिरवणूक थांबत नाही, शिस्त मोडत नाही, मान जात नाही, आणि प्रार्थनेला बसलेल्याच्या छातीत डॉल्बी घुसत नाही. आपल्या ताशाच्या पथकाला हे समजावून सांगायची गरज नाही, एका हलगीवर पन्नास पावले चालवणारे वादक आपल्या गावोगाव आहेत.

दुसरा प्रसंग बेलफास्टमधल्याच आर्डॉइन या कॅथलिक वस्तीचा. २०१३ मध्ये परतीच्या मिरवणुकीला तिथून जायला मनाई झाली म्हणून ट्वॅडेल अॅव्हेन्यूवर निषेधाचा तंबू पडला, तो तीन वर्षे हलला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये रहिवासी संघटना आणि लॉज (ऑरेंज ऑर्डरच्या स्थानिक शाखा) यांच्यात करार झाला, १ ऑक्टोबरला सकाळी लवकर, गर्दी नसताना, ती अडलेली वाट एकदा चालून पूर्ण केली आणि तंबू उठला. हक्क मान्य, पण वेळ बदलली. असा तोडगा काढायला मध्ये कोण होते, पहिली भेट कोणाच्या खोलीत झाली, बातमी फुटू नये म्हणून काय केले, हे विचारण्यासाठी जा.

तिथले अपुरेपणही डोळ्यांआड करू नका. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये १९६९ पासून उभ्या राहिलेल्या शांतता-भिंती अजून आहेत, २०२३ पर्यंत त्या पाडायचा सरकारी संकल्प पुरा झाला नाही, आणि बहुतेक मुले आजही वेगवेगळ्या शाळांत जातात.

बाजाराचा प्रश्न असेल तर केनियातला वजीर नावाचा भाग. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सोमाली कुळांमध्ये रक्तपात चालला होता. देखा इब्राहिम अब्दी आणि इतर बायकांनी सुरुवात केली ती बाजारापासून: कोणत्याही कुळाच्या बाईला विकता आणि घेता आले पाहिजे, कुणी अडवले तर तिथल्या तिथे बायकांची समिती उभी राहायची. मग वडीलधारे, तरुण, व्यापारी जोडले गेले आणि १९९५ मध्ये हे काम जिल्हा प्रशासनाशी जोडले गेले. देखा यांना २००७ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये त्या गेल्या. आपल्या आठवडी बाजारात बसणाऱ्या बायकांना हे उदाहरण बेलफास्टपेक्षा लवकर पटते.

दक्षिण आफ्रिकेतल्या सप्टेंबर १९९१ च्या शांतता करारातून निघालेल्या स्थानिक समित्या हे समितीची रचना शिकायला चांगले, पण ते अनुभव आता तीस वर्षांहून जुने आहेत. रवांडाची गचाचा न्यायालये सगळ्यांना आकर्षित करतात: सुमारे दहा वर्षांत, २०१२ पर्यंत, गावपातळीवर जवळजवळ वीस लाख खटले. ती समजून घ्या, उचलून आणू नका. नरसंहारानंतर मोडलेल्या न्यायव्यवस्थेतला तो उपाय होता, साक्षीदारांवर हल्लेही झाले. आपल्याकडे कोर्टे चालू आहेत. चावडीवर कबुली घ्यायला बसलात तर खटला आणि माणूस दोन्ही धोक्यात.

जाणारी आठ माणसे

आठच. दहाच्या वर गेले की दोन गट पडतात, सहाच्या खाली आले की एकजण आजारी पडल्यावर समतोल जातो. मंडळांचे दोन, जमातीतले दोन, बाजारातल्या किंवा बचतगटाच्या दोन बायका (दोन्हीकडची एकेक), एक शिक्षक किंवा ग्रामपंचायतीतले माणूस, आणि एक ढोल-ताशा पथकाचा प्रमुख नाहीतर डॉल्बीवाला. शेवटचे नाव ऐकून लोक चमकतात, पण आवाज कुठे कमी करता येतो, ट्रॉली बोळात कशी वळते, हे त्यालाच माहीत असते. त्याने ‘होईल’ म्हटले तर होते.

कसोटी एकच: हा माणूस रात्री बाराला गल्लीत उभा राहून ‘घरी जा रे’ म्हणाला तर पोरे जातात का? भाषण चांगले करतो म्हणून कुणाला घेऊ नका. गुन्हा दाखल असलेल्या माणसाला पासपोर्ट आणि प्रवासासाठी कोर्टाची परवानगी लागते. साक्षीदारांनाही पहिल्या फेरीत नको. जे जाणार नाहीत अशा आणखी आठ जणांना आतापासून जोडीदार म्हणून बांधा, परत आल्यावर अर्धे काम त्यांनीच करायचे आहे.

शब्द आधी ठरवा

दुभाष्याबरोबर अडीच-तीन तास बसून शब्दांची यादी करणे हे या सगळ्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळले जाणारे काम. ‘रिकन्सिलिएशन’चे ‘समेट’ केले की ज्या घरातला माणूस गेला त्यांना ऐकू येते ‘केस मागे घ्या’. ‘तडजोड’मध्ये पैशाचा वास येतो. ‘सलोखा’ चालतो, पण तो पोलिसांच्या फलकावरचा शब्द झाला आहे. बायका ‘येणं-जाणं सुरू होणं’ म्हणतात, आणि तेच सर्वांत नेमके आहे. ‘कम्युनिटी वर्कर’ला ‘समाजसेवक’ म्हणू नका, तो शब्द फ्लेक्सवरच्या इच्छुकांनी घेतला. ‘गल्लीतला कार्यकर्ता’ म्हणा. मिरवणुकीतल्या ‘स्टुअर्ड’ला ‘स्वयंसेवक’ म्हटले तर काहींना त्यात एका संघटनेचे नाव ऐकू येते. ‘दोरीवाला’ म्हटले की कोणाला काहीच खटकत नाही. बेलफास्टमध्ये दोन वस्त्या जिथे भिडतात त्या रेषेला ‘इंटरफेस’ म्हणतात. त्याला आपल्याकडे शब्द आहेच: शीव.

दुभाषा गावातला नको आणि कोणत्याही गटाच्या नात्यातला तर नकोच. एका दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त बोलायला लावू नका, सहाव्या तासाला तो वाक्ये गाळायला लागतो आणि कुणाला कळतही नाही.

पडद्यावरच्या सहा भेटी

प्रवासाआधी पंधरा दिवसांच्या अंतराने सहा ऑनलाइन भेटी घ्या, प्रत्येकी ७५ मिनिटे. दुभाष्यामुळे प्रत्यक्ष बोलणे त्यात पस्तीस-चाळीस मिनिटेच होते, म्हणून एका भेटीला एकच विषय. उन्हाळ्यात बेलफास्ट आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. केनिया बारा महिने अडीच तास मागे. रात्री आठची वेळ बायकांना स्वयंपाकामुळे जमत नाही, दुपारी साडेचार बरी: तिथे उन्हाळ्यात बरोबर बारा वाजलेले असतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे मोबाइल नेटसाठी ठेवा, इन्व्हर्टर आधी तपासा, आणि सगळ्यांनी एका खोलीत एका पडद्यासमोर बसा. आपापल्या घरून बसले की आठ माणसे आठ गोष्टी ऐकतात. रेकॉर्डिंग करू नका. तुकडा कापून फिरवायला एकच माणूस पुरतो.

तिसऱ्या भेटीपर्यंत समोरच्यांनी स्वतःची एकही चूक सांगितली नसेल तर यजमान बदला.

पैसा आणि कागद

परदेशातून येणारा पैसा मंडळाच्या किंवा ट्रस्टच्या साध्या खात्यात घेता येत नाही. २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एका संस्थेने घेतलेला निधी दुसरीला वाटता येत नाही. म्हणून नोंदणी नसेल तर यजमानांनी तिकीट आणि मुक्काम थेट भरावा आणि सनदी लेखापालाकडून आधी तपासून घ्यावे. सर्वांत जास्त चूक होते ती सरपंच, सदस्य, नगरसेवक यांच्याबाबत. या कायद्यात विधिमंडळाच्या व्याख्येत पंचायत आणि नगरपालिकाही येतात. त्यामुळे निवडून आलेल्या माणसाने परदेशी पाहुणचारावर जायचे तर केंद्रीय गृह मंत्रालयाची एफसी-२ अर्जाने आगाऊ परवानगी लागते. अर्ज निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी पोचला पाहिजे, प्रत्यक्षात दोन महिने आधी टाका. सरकारी नोकरांनाही हेच, शिवाय त्यांच्या कार्यालयाची रजा-परवानगी.

व्हिसाची एक खाच: बेलफास्ट ब्रिटनमध्ये, डब्लिन आयर्लंडमध्ये. डब्लिनला उतरून बसने बेलफास्ट गाठणे स्वस्त दिसते, पण ब्रिटिश व्हिसावर आधी ब्रिटनमध्येच उतरावे लागते, थेट डब्लिनला उतरता येत नाही. लंडनमार्गे थेट बेलफास्टला जा. ब्रिटिश व्हिसाचे अर्ज केंद्र पुण्यात आहे, बोटांचे ठसे द्यायला आठही जण एकाच दिवशी जाऊ शकतात.

खर्चाची वाटणी शंभरातले पन्नास प्रवास-मुक्कामाला, पंधरा दुभाष्याला, पाच विमा आणि कागदांना, तीस परत आल्यावरच्या कामाला. ते तीस आधी बाजूला काढा. नंतर काढू म्हटले की राहत नाहीत.

तिथे गेल्यावर

सात दिवस पुरतात. दिवसाला दोनच भेटी, सकाळी एक आणि दुपारी एक, मध्ये रस्ता पायी फिरणे. १९६५ पासून चालत आलेल्या कोरिमिलासारख्या सलोख्याच्या केंद्रात एक रात्र राहिलात तर दोन्हीकडची माणसे एका टेबलावर भेटतात. जेवणाचे आधी लिहून कळवा: हलाल, शाकाहारी, उपवास. पहिल्याच रात्री कुणी उपाशी राहिला तर पुढचे दोन दिवस मन लागत नाही.

रोज रात्री पाऊण तास बसा आणि चार रकाने भरा: काय पाहिले, ते रोज कोण करते, त्याला काय लागते, आणि आपल्याकडे ते कशामुळे फसेल. चौथा रकाना रिकामा राहिला तर त्या दिवशी आपण सहल केली. खोल्या मिसळून द्या, पण जबरदस्तीने नको. गावात शेजारी राहूनही न बोललेली माणसे परक्या शहरात बस चुकल्यावर बोलायला लागतात.

फोटो आणि स्टेटसबाबत निघण्याआधीच ठराव करा: सात दिवस कोणीही काही टाकणार नाही. एकाने चर्चमधला फोटो टाकला की गावात चर्चा मिरवणुकीची न राहता धर्मांतराची होते.

पाहुणे इकडे आले तर

डिसेंबर-जानेवारी बरा. ऊसतोड चालू असते, म्हणून बैठका रात्री. गणपतीच्या आधीचा दीड महिना ते विसर्जन या काळात बाहेरचा चेहरा गावात आणू नका, पोलिसांना वेळ नसतो आणि कॅमेऱ्याची अफवा होते. चर्चासत्र असेल तर पर्यटक व्हिसा चालत नाही, कॉन्फरन्स व्हिसा लागतो. मुक्काम लॉजवर असो की घरी, परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद २४ तासांत करावी लागते, आणि पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी लेखी कळवा. पीडित घरी पाहुण्यांचा जथा नेऊ नका. त्या घराला भेटायची इच्छा असेल तर एक पाहुणा, एक दुभाषा, आणि त्या घराने ठरवलेली वेळ.

परत आल्यावर: चौकातली बारा मिनिटे

आता मूळ प्रश्न. मिरवणुकीच्या वाटेवर मंडळाची रिकामी ट्रॉली घेऊन आठ जण आणि जोडीदार घड्याळ लावून चालत जा. बोळाची रुंदी, वायरची उंची, वळण, मशिदीचे दार, दवाखाना, सगळे नकाशावर. मग गणित करा. समजा बारा मंडळे आहेत आणि प्रत्येक चौकात वीस मिनिटे घेते: चार तास झाले, त्यात मगरिब आणि इशा (रात्रीची नमाज) दोन्ही सापडतात. प्रत्येकाला बारा मिनिटे दिली तर एकशे चव्वेचाळीस मिनिटे, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटे. सप्टेंबरात सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. पहिले मंडळ पावणेचारला चौकात शिरले तर शेवटचे सव्वासहाच्या आत पलीकडे जाते, आणि थोडी सवडही उरते. भांडणाचा अर्धा भाग असा घड्याळातच सुटतो. उरलेला अर्धा बारा मिनिटांत काय वाजवायचे याचा, तो पथकप्रमुखाने मांडावा: दाराच्या अलीकडे आणि पलीकडे पन्नास-पन्नास पावलांवर चुन्याची रेघ, रेघेच्या आत डॉल्बी बंद, एकच हलगी. रेघ दोन्हीकडच्या पोरांनी मिळून मारायची.

उशीर झाला तर काय, हे आधीच लिहा. सव्वासहाला जे मंडळ रेघेच्या अलीकडे असेल ते नमाज संपेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे तिथेच थांबेल आणि त्याला पाणी-सरबत मशिदीकडून येईल. हे न लिहिल्यास शेवटच्या मंडळावर सगळा राग निघतो. चांद्र पंचांगामुळे ईद-ए-मिलाद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२३ मध्ये ती आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी ईदची मिरवणूक पुढच्या दिवशी नेली गेली. तो मोठेपणा गावाच्या नोंदवहीत लिहून ठेवा, पुढच्या बैठकीत तो वाचून दाखवता येतो.

२८ दिवसांची पद्धत कायद्याविना गावपातळीवर आणता येते: वाट, वेळ, मंडळांचा क्रम, दोरीवाल्यांची नावे एका कागदावर, विसर्जनाच्या चार आठवडे आधी ग्रामपंचायत, देऊळ, मशीद आणि बाजाराच्या पारावर. दर पंचवीस माणसांमागे एक दोरीवाला धरा, त्यातला दर चौथा दुसऱ्या समाजाचा.

फोनसाखळी बारा जणांची, सहा जोड्या, प्रत्येक जोडी शिवेच्या दोन बाजूंची. फोनच करायचा, मेसेज नाही. इंटरनेट बंद पडले तरी साधा फोन चालतो. ऐकलेली गोष्ट पंधरा मिनिटांत जागेवर जाऊन पाहायची आणि जोडीदाराला दोनच वाक्यांत सांगायची: काय दिसले, काय दिसले नाही. चित्रफीत पुढे पाठवायची नाही, स्क्रीनशॉट फक्त सायबर पोलिसांना. दर महिन्याच्या १ तारखेला रात्री नऊला चाचणी. दोनदा फोन न उचलणाऱ्याला बदला, तो कितीही मोठा असो. आणि पोलीस ठाण्याशी आधीच बोलून ठेवा की या साखळीकडे आरोपींची नावे मागायची नाहीत. एकदा ती खबऱ्यांची साखळी ठरली की कुणी फोन उचलत नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सगळ्यांनी अर्धा तास बसून पान भरा: कोणते मंडळ किती वाजता रेघेत शिरले, किती वाजता बाहेर पडले, हलगी कुठे चुकली, किती फोन आले, त्यातले किती खोटे निघाले. एक प्रत मंडळांना, एक जमातीला, एक ठाण्यात. चौथी इंग्रजीत करून बेलफास्टच्या यजमानांना पाठवा, आणि त्यांच्या १२ जुलैचे तसेच पान मागवून घ्या.